चवीचं औषध

नवऱ्याचा रुमाल बादलीत पडला आणि सगळं पाणी केशरी झालं. नीलम्मा हातात साबणाची वडी धरून तशीच बघत राहिली. हळदीचा डाग असा वागत नाही. हळद कापडाला धरून बसते, साबण लागला की लालेलाल होते आणि उन्हात वाळत घातली की मुकाट्यानं निघून जाते. तिखटाचा डाग तेलकट असतो, कडेला पिवळा पडतो. शाईचे, पानाचे, गाडीच्या ग्रीसचे, शरणप्पांच्या कपड्यांवरचे सगळे डाग तिनं उभ्या संसारात घासले होते आणि त्यातला एकही तिला अनोळखी नव्हता. हा होता. पाण्यात पडायचा अवकाश, रुमाल सोडून पळत सुटला होता. तिनं रुमाल वर काढला आणि नाकाशी नेला. लसूण, तापून तापून काळं पडलेलं तेल, आणि त्याच्या मागं आणखी काहीतरी. त्याला धड वास म्हणता येत नव्हता, पण तोंडाला पाणी सुटत होतं. आपल्या तोंडाला पाणी सुटलं याचाच तिला आधी राग आला. सिनेमातल्या बायकांना नवऱ्याच्या शर्टावर लाली सापडते. आपल्याला काय सापडलं, तर रस्सा! ती हसली, आणि हसता हसता मधेच थांबली. कारण रस्सा म्हणजे ते कुठंतरी बसून जेवले. कुणीतरी वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, बोटं बुडवली, बोटं पुसली. आणि मग घरी येऊन तिच्यासमोर पाटावर बसले आणि म्हणाले, "भूक न्हाई फारशी."

दिवाळीपासून मिठाचा डबा वरच्या फळीवर होता. स्टूल घेतल्याशिवाय हात पोचू नये म्हणून तिनं तो मुद्दाम तिथं ठेवला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, अर्पिता मॅडम, नीलम्माच्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी शरणप्पांच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला, आणि पडलेला खड्डा नीलम्माला दाखवला. "मावशी, हा भरायला वेळ लागतोय बघा. किडनी थकलीय. मीठ तोडा. आणि मीठ फक्त मिठाच्या डब्यात नसतं. पाव फुगवायला जे घालतात त्यात असतं, सॉस टिकवायला घालतात त्यात असतं, चव वाढवायला घालतात त्यातही असतं. नाव वेगळं, गुण तोच. पाकिटातलं आणि हॉटेलातलं एकदम बंद. आत्ता सांभाळलं तर सांभाळलं, नाहीतर डायलिसिससाठी सोलापूरच्या खेपा सुरू होतील." शरणप्पा पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातून रिटायर झालेला माणूस, कायम वरून आलेला हुकूम पाळलेला, त्यांनी मान डोलावली. नीलम्मानं मात्र तो हुकूम अंगावर घेतला. फरसाण गेलं, पापड गेले, उन्हाळ्यात घातलेल्या लोणच्याची बरणी तिनं शेजारच्या राजेश्वरीला देऊन टाकली. आणि आपल्यापुरतं वेगळं काढून वर मीठ घेणं सहज जमण्यासारखं असताना तिनं स्वतःचंही मीठ सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तर एकदाही विचारलं नाही की तू का असलं खातेस. आळणी आमटी, आळणी भाकरी, लिंबू पिळलेली आळणी गवार. पहिले काही दिवस तिच्या तोंडात मातीच आल्यासारखं झालं. पण समोर ते जेवत होते, ती जेवत होती, आणि दोघांच्या ताटात एकच होतं. त्यात तिला एक सुख होतं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी आपण पहिल्यांदाच एका ताटात जेवतोय असं तिला वाटायचं. रात्रीची भांडी घासण्याआधी ती त्यांचा पाय मांडीवर घ्यायची, नडगीवर अंगठा दाबायची आणि खड्डा भरताना बघायची. हल्ली तो लवकर भरत नव्हता. मीठ नाही, काही नाही, तरी सूज का, हे तिला कळत नव्हतं. आता बादलीत कळलं होतं.

आणि वाढणारीचं नाव कळायलाही वेळ लागला नाही. ते तिच्या पोटात कधीपासून बसलेलंच होतं. शरणप्पांची बदली भूमला झाली तेव्हा मुली शाळेत होत्या, सासू अंथरुणाला खिळलेली होती. ते एकटेच गेले. खोली घेतली आणि तारामती नावाच्या बाईकडं जेवणाचा डबा लावला. शनिवारी एस्टीनं धाराशिवला यायचे. नीलम्मा त्या दिवशी पुरण घालायची, नाहीतर शेंगाची पोळी करायची, आणि दारात उभी राहायची. एका शनिवारी त्यांनी पहिला घास घेतला, चावला आणि सहज, अगदी सहज म्हणाले, "भूमची ती तारामती हाय ना, तिच्या हाताला काय चव हाय, सांगता येत न्हाई. साधं पिठलं करती, पण बोटं चाटत राहावं." बस्स. एवढंच. पुढं ते पुरणपोळीही पोटभर जेवले. नीलम्माला दुसऱ्या बाईचा संशय आला असता तर तिनं भांडून मोकळं करून टाकलं असतं. तिच्या माहेरच्या बायका भांडायला कमी नव्हत्या. पण संशय घ्यावा असा तो माणूसच नव्हता. ते खरंच नुसतं चवीबद्दल बोलले होते, आणि तेच तिला लागलं. तिच्या माहेरी, उमरग्याच्या पलीकडं, कुणी भेटलं की बरं आहे का असं विचारत नाहीत, 'ऊटा आतेनु?' विचारतात, म्हणजे जेवलास का. बाईचा मान, माया, राग, सगळं तिथं ताटातूनच जातं. आणि तिचा नवरा दुसऱ्या बाईच्या ताटात बोटं चाटत होता. बदली संपली, ते परत आले, सासू गेली, मुली सासरी गेल्या. पण त्यांनी कधीही तिच्या हातचं काही खाल्लं आणि गप्प राहिले, की तिला वाटायचं, आता हे मनात भूमच्या पिठल्याशी ताडून बघताहेत. कित्येकदा तिनं स्वतः पिठलं केलं. कधी घट्ट, कधी सैल, कधी लसूण जास्त. ते म्हणायचे, "चांगलं झालंय." चांगलं! बोटं नाही चाटली.

संध्याकाळी ते फिरायला निघाले. डॉक्टरांनी सांगितलेलं फिरणं. चपला घालताना त्यांनी रुमाल मागितला आणि तिनं धुतलेला, स्वच्छ रुमाल हातात दिला. त्यांनी तो बघितलाही नाही. ते वळणापर्यंत गेले आणि तिनं पदर खांद्यावर घेतला, कडी लावली आणि मागं निघाली. मैदानाकडं न वळता ते कोर्टाच्या बाजूनं गेले, बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला लागले. त्यांची चाल बघून तिला नवल वाटलं. घरात भिंत धरून चालणारा माणूस रिक्षांच्या मधून वाट काढत भराभर चालला होता. कॉलेजच्या पोरांच्या खोल्या होत्या तिथं एक पत्र्याची खानावळ, आणि पत्र्यावर लाल अक्षरात 'तारामती घरगुती खानावळ'. ती समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी थांबली. तारामती भूमहून इथं आली कधी? आणि आल्याचं आपल्याला का सांगितलं नाही? खिडकीतून शरणप्पा दिसत होते. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या होत्या. भाकरी मोडून ताटलीत कुस्करली, त्यावर लाल रस्सा ओतून घेतला, आणि डोकं खाली घालून जेवायला लागले. घरी ते जेवताना इकडंतिकडं बघतात, टीव्हीकडं, कॅलेंडरकडं, तिच्याकडं. इथं कुठंच बघत नव्हते. त्यांचे कान हलत होते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांचे कान असे हलायचे आणि ती पदर तोंडात धरून हसायची, हे तिला एकदम आठवलं. मग त्यांनी अंगठा चाटला. नंतर एकेक बोट. नीलम्माला वाटलं, आत जावं, ताटली उचलावी आणि रस्त्यावर फेकावी. किडनीसाठी नाही. किडनीची आठवण तिला घरी परतताना, निम्म्या वाटेत आली, आणि आपल्याला ती आधी आली नाही याची लाज वाटण्याइतकीही जागा तिच्या मनात उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पोरांची गर्दी ओसरल्यावर, ती खानावळीत जाऊन बसली. गल्ल्यावर एक जाडजूड, पांढऱ्या केसांची बाई बसली होती. उजवा हात तिनं टॉवेलावर ठेवला होता, दुसऱ्याच कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. हीच ती. नीलम्मानं तिला किती रूपांत बघितलं होतं. कधी गोरी, कधी सावळी, चुलीच्या उजेडात घाम पुसणारी. ही तर चष्म्याला दोरी बांधलेली म्हातारी निघाली! ताट आलं. रस्सा, भाकरी, कांदा. नीलम्मानं पहिला घास तोंडात टाकला आणि तिचे डोळे मिटले. दिवाळीपासून उपाशी ठेवलेली जीभ आधी बिचकली, मग हावरटासारखी धावली. मीठ तिच्या गालफडांत, कानांच्या मागं, थेट डोक्यात चढलं. आणि मिठाच्या पलीकडं ते दुसरं, रुमालातलं, घास गिळल्यावरही जिभेवर रेंगाळणारं, आणखी एक घास मागणारं. तिला थांबता येईना. नवऱ्याची चोरी धरायला आलेली बाई खाली मान घालून रस्सा ओरपत होती. ते का येतात हे तिला कुणी सांगायला नको होतं. जीभच सांगत होती. ताट संपलं तेव्हा तिचं बोट तोंडात होतं. तिनं ते घाईघाईनं पदराला पुसलं. मग जे वाक्य तिनं इतकी वर्षं गिळलं होतं ते तिनं स्वतःच्या तोंडानं म्हणून बघितलं. "तुमच्या हाताला लई चव हाय, बाई."

तारामती खळखळून हसली. "कसला हात, ताई! ह्या हाताला मुंग्या येतेत, चमचा धरवत न्हाय. आत दोघी बाया करतेत. सगळं औषधाचं काम हाय."

"औषध?"

"ह्ये बगा की." तिनं डाव्या हातानं गल्ल्यामागची प्लास्टिकची बरणी पुढं सरकवली. आत बारीक, पांढरे, चकाकणारे खडे. "चिमूटभर टाकायचं. पन नुसतं न्हाय चालत, मीठ असंल तरच ते बोलतं. रंगाची डबी निराळी, पोरांना लाल तर्री लागती. आनि मसाला पाकिटातला, त्यात बी असतंच टिकायचं औषध."

नीलम्मानं बरणी उचलून उजेडात धरली. हात नव्हताच! इतकी वर्षं ती ज्याच्यावर जळत होती ते बरणीतले खडे होते. तिला त्या जाड बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं. "म्हंजे पयल्यापासनं असंच?" तिनं विचारलं, आणि विचारल्याबरोबर वाटलं, विचारायला नको होतं.

"न्हाय ओ! भूमला होते तवा कुठलं औषध? तवा मसाला माज्या हातानं कुटायची, शेंगदाने भाजून घ्यायची. तवा व्हती चव." तारामतीनं टॉवेलावरच्या हाताकडं बघितलं. "तवाचं एक गिऱ्हाईक अजून येतं. पाटबंधारेवाले सायेब. नाव काय बरं त्यांचं... ध्यानातच ऱ्हात न्हाय. मीठ बंद हाय म्हनं त्यांना. मी म्हनलं, सायेब, तुमाला ह्ये चालंल का? तर म्हनतेत कसं, तारामती, घरी औषध खातो आनि जेवायला इथं येतो." ती पुन्हा हसली. "तुमचं गाव कोनतं, ताई?"

"उमरगा," नीलम्मा म्हणाली आणि उठली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रस्ता ओलांडताना रिक्षावाला ओरडला ते तिला ऐकू आलं नाही. तिचं नावसुद्धा त्या बाईच्या तोंडी नव्हतं, नवऱ्याचंही नव्हतं. ज्या बाईला शरणप्पांचं नाव आठवत नाही तिच्यावर आपण अर्धं आयुष्य जळलो. पण ते आता बाजूला राहिलं होतं. घरी औषध खातो. म्हणजे पहाटे उठून निवडलेली मेथी, चार पाण्यांतून काढलेला बटाटा, मीठ नाही म्हणून आमसूल, जिरं, ओवा घालून रोज नवी केलेली खटपट, हे सगळं गोळ्यांच्या पाकिटाशेजारी ठेवलेलं औषध होतं. नाक धरून गिळायचं. तिच्या माहेरी औषध म्हणजे तुरीवर मारायचं ते. डब्याला पोरांनी हात लावायचा नाही. शेजारची इरम्मा ते प्याली होती, तेव्हा आईनं नीलम्माला घरात कोंडून घेतलं होतं आणि बाहेर सगळे दबक्या आवाजात म्हणत होते, औषध पिली, औषध पिली. मरायचं ते औषध, जगायचं तेही औषध, आणि बोटं चाटायला लावायचं तेही औषधच. मग आपणच तेवढं कुठलं औषध होऊन बसलो, जे कुणालाच नको आहे? ती धुळाप्पाच्या किराणा दुकानापुढं केव्हा येऊन उभी राहिली हे तिलाच कळलं नाही.

"धुळाप्पा, ते औषध असतं ना, भाजीत घालायचं?"

धुळाप्पानं वर न बघताच विचारलं, "चवीचं का टिकायचं?"

 दोन्ही पाहिजे होतं खरं तर. "चवीचं," ती म्हणाली. "आणि पाकिटातला मसाला. लाल."

घरी येऊन तिनं पुडी ओट्यावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडं पाठ करून वांगी चिरत बसली. सोमवारी रक्त तपासायला जायचं होतं. अर्पिता मॅडम आकडा बघतील, मग तिच्याकडं बघतील. मावशी, तुम्ही करता ना व्यवस्थित? तिला सगळं माहीत होतं. डॉक्टरांकडं त्यांना घेऊन जाता आलं असतं, खानावळीचं सांगता आलं असतं, लेकींना फोन करता आला असता. लेकी रडल्या असत्या, त्यांनी शपथ घातली असती, आणि शरणप्पांनी मान डोलावून हुकूम पाळला असता. रोज तिच्यासमोर बसून तिचं औषध खाल्लं असतं. खड्डा भरू लागला असता. ते जगले असते, तिच्याकडं न बघता, कॅलेंडरकडं बघत. नीलम्मानं सुरी खाली ठेवली. तिथं खातातच की, ती स्वतःशी म्हणाली, इथं खाल्लं तर काय बिघडतं, इथं निदान तेल तरी चांगलं आहे. हे खोटं आहे हेही तिला कळत होतं. खोटं इतकं स्वच्छ दिसत असूनही माणूस ते करायला उठतो याचं तिला थोडं आश्चर्य वाटलं. तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि फळीवरून मिठाचा डबा खाली घेतला. झाकण गच्च बसलं होतं. ते तिनं पदरानं धरून उघडलं.

"आज लवकर बसा," तिनं सांगितलं. "गरम हाय तोवर. फिरून मग या."

शरणप्पा नाराजीनंच पाटावर बसले. त्यांना तिकडची भूक राखून ठेवायची होती हे तिला दिसत होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, टीव्हीकडं बघत तोंडात घातला. आणि थांबले. त्यांनी ताटाकडं बघितलं. मग तिच्याकडं. त्या नजरेत प्रश्न होता. आता विचारतील, मीठ घातलंस? डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? त्यांनी विचारावं असं तिला फार वाटलं. त्यांनी विचारलं असतं तर तिनं ताट ओढून घेतलं असतं, रस्सा मोरीत ओतला असता आणि रडून घेतलं असतं.  पण त्यांनी उरलेली भाकरी कुस्करली, डोकं खाली घातलं, आणि त्यांचे कान हलायला लागले. नीलम्मा वाढत राहिली. आणखी थोडा, आणखी थोडा. शेवटी त्यांनी अंगठा तोंडात घातला.

"नीलम्मा," ते म्हणाले, "तुझ्या हाताला आज काय चव आली गं!"

हे वाक्य तिनं इतक्या वेळा मनात ऐकलं होतं की प्रत्यक्षात आलं तेव्हा ते दुसऱ्याच कुणाला तरी म्हटलंय असं तिला वाटलं. तरीही तिचा चेहरा तापला. नव्या नवरीसारखी ती खाली बघायला लागली.

हात धुऊन ते दाराशी गेले, चपलांपाशी उभे राहिले. तिनं ताट उचलायचं तसंच ठेवलं. ते परत फिरले आणि कॉटवर बसले. "आज न्हाई जात फिरायला," ते म्हणाले. "पोट भरलं." त्यांनी पाय वर घेतले आणि रोजच्यासारखे तिच्याकडं पसरले. तिनं गोळी आणून दिली, त्यांनी पाण्याबरोबर घेतली. मग तिनं त्यांचा पाय मांडीवर घेतला.

"आज जेवण औषधासारखं न्हाई लागलं बघ," शरणप्पा डोळे मिटून म्हणाले.

"औषधच घातलंय त्यात," नीलम्मा म्हणाली.

ते मोठ्यानं हसले. कितीतरी दिवसांनी घरात त्यांचं हसणं ऐकू आलं. "मग रोज घालत जा."

"घालते," ती म्हणाली, आणि त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खड्डा पडला. शरणप्पा घोरायला लागले तरी ती त्याच्याकडं बघत बसली होती, आणि तो भरला नव्हता.